होडीच्या खिडकीला काच की अ‍ॅक्रिलिक?

प्रश्न : लाकडी होडीच्या केबिनची खिडकी गळते. नवी बसवताना काय वापरावे?

उत्तर : छोट्या होडीला कास्ट अ‍ॅक्रिलिक उत्तम. त्याचे वजन काचेच्या निम्मे असते आणि ते उन्हातही वर्षानुवर्षे स्वच्छ राहते. पॉलिकार्बोनेट धक्के अधिक सोसते, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. टफन्ड काच घ्यायची तर आधी मापात कापून, भोके पाडूनच टफन करून घ्यावी. नंतर ते जमत नाही.

गळतीचे मूळ मात्र बहुधा बसवण्यात असते.

एक मीटर अ‍ॅक्रिलिक ३० अंशांच्या तापमानफरकाने सुमारे २ मिलिमीटर वाढते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवावे, स्क्रूही करकचून पिळू नये. फट भरायला पॉलिसल्फाइड सीलंट वापरल्यास अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. त्याऐवजी न्यूट्रल सिलिकॉन सीलंट वापरावे. त्याआधी लाकडाच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात अवश्य द्यावेत. पाणी तिथूनच मुरते.