नदीत माणूस हरवला तर दोन्ही काठांना कळवा



पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून हा विषय घेतोय.

मलिकवाड-दत्तवाड बंधारा आपल्याला नवा नाही. दूधगंगेचं पाणी एकच, पण एक काठ बेळगाव जिल्ह्यात, दुसरा कोल्हापूर जिल्ह्यात. दत्तवाडच्या बाजूनं कुणी वाहून गेला तर घरचे तिकडं बेपत्ताची नोंद करतात. पाणी मात्र कल्लोळ-येडूरजवळ कृष्णेला मिळतं. देह आपल्या हद्दीत सापडला की इकडचं ठाणं 'अनोळखी मृतदेह' म्हणून वेगळी नोंद करतं. माणूस एक, फायली दोन, राज्यंही दोन.

या फायली जुळाव्यात म्हणून केंद्र सरकारनं 2009 मध्ये सीसीटीएनएस मंजूर केलं. देशभरातली ठाणी त्यानं कॉम्प्युटरवर जोडली. पण कॉम्प्युटरला लिहिलेलंच कळतं. तिकडं नोंद मराठीत, इकडं कन्नडात, आणि इंग्रजी स्पेलिंग तर ज्याचं त्याचं वेगळं! मागं एका घरच्यांबरोबर मी स्वतः गेलो होतो. तक्रारीत 'रंग सावळा, बांधा मध्यम' एवढंच. असली माणसं गावागावात शंभर. शेवटी ओळख पटली ती शर्टाच्या कॉलरवरल्या टेलरच्या पट्टीवरून.

म्हणून तक्रार देताना गोंदण, जुनी जखम, पडलेला दात, करदोडा, उंची, टेलरचं नाव, सगळं सांगा. ताजा फोटो द्या. नोंदीचा नंबर घ्या, आणि तोच नंबर नि फोटो घेऊन दुसऱ्या काठच्या ठाण्यातही जा. आपोआप कळेल म्हणून घरी बसू नका. बेवारस देह शवागारात थोडेच दिवस ठेवतात.

'चोवीस तास वाट बघा' असा कायदा कुठंही नाही. मूल 18 वर्षांच्या आतलं असेल तर गुन्हाच नोंदवावा लागतो, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलंय. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यानं अशा गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं नंतर बघतात. 112 दोन्ही राज्यांत चालतो. फोन लागला की गाव, तालुका, जिल्हा आधी सांगा.

आता नाववाल्यांसाठी, जरा स्पष्टच बोलतो. जाळ्यात देह लागला की 'झंझट नको' म्हणून काहीजण पुढं लोटतात. लोटलेला देह हिप्परगी बॅरेजपर्यंत गेला की जिल्हाच बदलला. देह नाही तर पोस्टमॉर्टेम नाही, मग मृत्यूचा दाखला अडतो. बेपत्ता माणूस मेला असं कायदा सहसा 7 वर्षांनी धरतो. तोवर त्याच्या बायकोनं जमिनीचं, बँकेचं काय करायचं? आपला मच्छीमार अपघात विमा 5 लाखांचा आहे, पण त्यालाही पोलिसांचे कागद लागतात. तेव्हा देह काठाला दोरीनं अडकवून ठेवा, कपडे-दागिने हलवू नका, लगेच फोन करा.

दोन्ही काठच्या ठाण्यांचे नंबर सोसायटीच्या फलकावर लावलेत. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा.

– सेक्रेटरी