कुमारांच्या रहस्यकथा आणि आत्म्याची दाने

शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये १२:१-१७; २३:११-३३; १ करिंथ १२:४-११

मुख्य विचार : कृपादान म्हणजे कथेतल्या नायकाचे शस्त्र नव्हे, सर्वांच्या हितासाठी सोपवलेली ती सेवा आहे.

इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून राजवाड्याकडे गेले की जवळच खजुरी बाजारातील पुस्तकांची दुकाने लागतात. शाळेची पुस्तके आणायला गेलेली आपली मुले येताना एखादी रहस्यकथाही घेऊन येतात. पुस्तक नसले तर हातात मोबाईल असतोच. आईवडील कुरकुरतात, "यापेक्षा शास्त्र वाचले असतेस तर!" परंतु पुढे काय होणार या उत्कंठेने पान उलटणे हे काही पाप नव्हे. शास्त्र वाचणाऱ्यालाही ही उत्कंठा पदोपदी भेटते.

इंग्रजीत ख्रिस्ती रहस्यकथांचा मोठा वाचकवर्ग आहे. फ्रँक पेरेटी या अमेरिकन लेखकाने १९८५ पासून कूपर भावंडांच्या साहसकथा कुमारांसाठी लिहिल्या. १९८६ साली त्याची मोठ्यांसाठीची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही कादंबरी आली. तिच्यात एका लहानशा गावासाठी देवदूत आणि दुरात्मे झुंजतात व विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनांनी देवदूतांना बळ मिळते. अशा कथांत विश्वास, प्रार्थना आणि आत्म्याची दाने कथानकाच्या मध्यभागी असतात. आपली इंग्रजी शाळेतली मुले त्या वाचतात. त्या वाचून मुलांच्या मनात कोणता विश्वास तयार होतो, हे पाहणे शब्बाथ शाळेच्या शिक्षकाचे काम आहे.

१. शास्त्रातील दोन रहस्यकथा

कृत्यांचा बारावा अध्याय घ्या. पेत्र तुरुंगात आहे. चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर आहेत. उद्या त्याला लोकांपुढे काढायचे, आणि आज रात्री तो दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मध्ये झोपलेला आहे. देवदूत येतो, साखळ्या गळतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. मग पेत्र मार्कच्या आईच्या दाराशी उभा राहून ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते! ज्यांची प्रार्थना चालली होती तेच तिला वेडी ठरवतात. ठोठावणे चालूच राहते. कोणत्याही कथालेखकाला हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे.

आता तेविसावा अध्याय. पौलाला ठार केल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचे नाही अशी शपथ चाळिसांहून अधिक माणसांनी वाहिली आहे. हा कट पौलाच्या भाच्याच्या कानी पडतो. तो गढीत जाऊन मामाला सांगतो. पौल त्याला सरदाराकडे पाठवतो. सरदार त्या तरुणाचा हात धरून त्याला बाजूला नेतो, सगळे ऐकून घेतो आणि कोणाला कळू देऊ नकोस असे बजावतो. त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर स्वार आणि दोनशे भालेकरी, म्हणजे एकूण ४७० माणसे, पौलाच्या रक्षणासाठी निघतात.

करिंथच्या मंडळीला कृपादानांविषयी सविस्तर लिहिणारा प्रेषित तो हाच. त्याच्या हातून आजारी बरे झाले होते. रोमला तू माझी साक्ष देशील असे प्रभूने आदल्याच रात्री त्याला सांगितले होते. तरी या वेळी देवाने ना भूकंप पाठवला, ना देवदूत. एका तरुणाचे उघडे कान, त्याचे धैर्य आणि नको तिथे बंद राहिलेले तोंड, एवढ्यावर प्रभूचा शब्द पुढे सरकला. भाच्याचे नावसुद्धा लिहिलेले नाही. आपल्या मुलांना फास्टर फेणे का आवडतो? भा. रा. भागवतांच्या त्या किडकिडीत पोराजवळ जादू नाही. त्याचे डोळे उघडे असतात आणि तो घाबरून घरी बसत नाही. पौलाचा भाचा मुलांना असाच आपला वाटेल.

२. दान आणि जादू

रहस्यकथेच्या लेखकाला एक मोह असतो. कथा अडली की नायकाला एखादे दान द्यायचे आणि सुटका करून घ्यायची. नायकाला स्वप्नात गुन्हेगार दिसतो, त्याने हात ठेवला की आजार पळतो. अशा वेळी दानाची शक्ती होते, आणि शक्ती ज्याच्या हाती तो मोठा. शोमरोनातील शिमोनाला हेच हवे होते. त्यासाठी त्याने पैसे पुढे केले (कृत्ये ८). स्किवाच्या सात मुलांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरले आणि ते घायाळ होऊन उघड्या अंगाने पळाले (कृत्ये १९). फिलिप्पै येथील दासी तर पौलाविषयी खरेच बोलत होती. तरी तिच्यातला आत्मा देवाचा नव्हता आणि तिच्यामुळे तिच्या धन्यांची कमाई होत होती (कृत्ये १६). म्हणून 'चमत्कार घडला का?' एवढ्याच प्रश्नाने दानाची पारख होत नाही. लाभ कोणाला झाला, महिमा कोणाला मिळाला, हे विचारावे लागते. आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टी पारखा, असे दोन्ही उपदेश पौल एकाच दमात करतो (१ थेस्सल. ५). शिक्षकाने यातला एक घेऊन दुसरा सोडू नये.

आणखी एक गोष्ट. दुरात्म्यांच्या कथा फार वाचणारे मूल परीक्षेतल्या नापासीत आणि शेजाऱ्याच्या घरातल्या दिव्यातही सैतान पाहू लागते. आपण इंदुरात निरनिराळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांमध्ये राहतो. आपले युद्ध माणसांशी नाही असे इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय सांगतो, आणि हेच वाक्य मुले सर्वांत आधी विसरतात.

३. याकोबाचे काय?

बारावा अध्याय पेत्रापासून सुरू होत नाही. त्याआधी दुसऱ्याच वचनात योहानाचा भाऊ याकोब तरवारीने मारला जातो. त्याच्यासाठी देवदूत आला नाही. मंडळीचे याकोबावर प्रेम कमी होते काय? लूक याचे उत्तर देत नाही. तो दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहितो. मिलेतात पौलाने त्रफिमाला आजारी सोडले (२ तीम. ४:२०). तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने औषधासारखा घरगुती उपाय सुचवला (१ तीम. ५:२३).

हे मुलांना शिकवणे अत्यंत गरजेचे आहे. ज्या कथेत प्रत्येक प्रार्थनेला शेवटच्या प्रकरणात हवे तेच उत्तर मिळते, ती कथा आजारी आईजवळ बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला काय सांगते? तुझा विश्वास कमी पडला, असेच ना? अशी मुलगी वाद घालत नाही. ती गप्प होते आणि काही महिन्यांनी वर्गात यायची थांबते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. तिच्यात यमुनेचा पती विनायक मरण पावतो. ती वैधव्याच्या दुःखातून जाते, आणि तरीही कथा विश्वासाचीच राहते. आरंभीच्या त्या लेखकाने वाचकाला खोटा धीर दिला नाही.

४. मुक्तीतील मुली

आपल्याच भाषेच्या मुलखात कुमारवयीन मुली आणि आत्म्याची दाने यांची खरी घटना घडली आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात जून १९०५ मध्ये मोठे आत्मिक जागरण झाले. दुष्काळातून आणलेल्या अनेक अनाथ मुली तेथे होत्या. तेथील सेविका मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवले आहे की, रात्री एका मुलीभोवती शेजारच्या मुलीला आग दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, तेव्हा कळले की मुलगी जळत नाही. पुढे काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंनी त्यांना अडवले नाही. तसेच हे दान ज्याला नाही त्याला आत्माच नाही, असेही त्यांनी मानले नाही.

कथालेखक बादलीपाशी थांबेल. खरी कथा पुढे चालते. मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेले. रमाबाई शास्त्राच्या मराठी भाषांतराला बसल्या, आणि मुक्तीच्या छापखान्यात स्त्रिया व मुलींनी खिळे जुळवले. १९२१ साली रमाबाईंची मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या. शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रात्रीची आग आणि छापखान्यातली काळी बोटे, दोन्ही एकाच आत्म्याची कामे होत.

वर्गासाठी

मुलांनी कोणतीही रहस्यकथा वाचली असो, हे चार प्रश्न विचारा :

१. कथेतील दानाचा उपयोग कोणाला झाला?
२. दान नसते तर नायकाने काय केले असते? त्याने कष्ट, सत्य, धैर्य टाळले का?
३. ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही असे कोणी कथेत आहे का? लेखक त्याच्याशी कसा वागतो?
४. शत्रूला कथा माणूस म्हणून पाहते का?

लेखनकार्य : मुलांनी एक पानाची कथा लिहावी. संध्याकाळची वेळ, कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या कानी दोघांचे बोलणे पडते : शेजारच्या एकट्या आजींना फसवून घराच्या कागदांवर सही घ्यायचा बेत आहे. पुढे काय? अट एकच. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील सेवा, बोध, दया, औदार्य यांपैकी एखादे दान कथेत असावे. चमत्कार मात्र नसावा. कथा वाचून झाल्यावर वर्गाला विचारा, "हे दान आपल्यापैकी कोणात दिसते?" मुले एकमेकांची नावे घेतील. नाव घेतले गेले नाही असे मूल कोणते, तेही लक्षात ठेवा, आणि पुढच्या रविवारी त्याच्याजवळ बसा.