विमानतळावरच्या स्कॅनरमधून जावं का?

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेली आई, पोटुशी असताना माहेरी येणारी मुलगी, नुकताच पेसमेकर बसवलेले आजोबा. प्रवासाआधी साऱ्यांचा प्रश्न एकच: “डॉक्टर, विमानतळावरच्या त्या मशीनमधून गेलं तर चालेल ना?”

बहुतेक वेळा अगदी निर्धास्त जा. धातू शोधणाऱ्या चौकटीत चुंबकीय क्षेत्र असतं, एक्स-रे नसतात. हात वर करून ज्यात उभं राहायचं, ते आजचे बॉडी स्कॅनर सहसा मिलिमीटर लहरींवर चालतात. या लहरी कपड्यांतून जातात आणि त्वचेवरून परततात. डीएनएला इजा करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. गर्भवतींनी आणि मुलांनीही घाबरू नये.

काळजी एक्स-रे स्कॅनरची. युरोपीय संघाने २०११ मध्ये विमानतळांवर त्यांना परवानगी नाकारली. अमेरिकेतल्या विमानतळांवरून ते २०१३ मध्ये हटले, तेही अंगाचं चित्र उघडं दिसतं या कारणाने. काही देशांच्या तुरुंगांत मात्र ते आजही आहेत. सर्वसाधारण वापराच्या स्कॅनरसाठी अमेरिकी मानकाची मर्यादा आहे एका तपासणीला ०.२५ मायक्रोसिव्हर्ट, आणि एका ठिकाणी वर्षाला २५० मायक्रोसिव्हर्ट. उंचावरून उडणाऱ्या विमानात एका तपासणीइतका किरणोत्सर्ग अंतराळातून सुमारे पाच मिनिटांत मिळतो.

मग एवढे नियम कशाला? छातीचा एक्स-रे काढतो तेव्हा फायदा त्या रुग्णाचाच होतो. सुरक्षा तपासणीत तुमच्या तब्येतीला काहीच लाभ नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निकष सांगतात की तस्करीचा माल शोधण्यासाठी माणसांवर किरण वापरणं एरवी समर्थनीय नाही. अपवाद करायचा तर तो सरकारने तपासून करावा, आणि किरणांविना तपासणीची सोय असेल तर ती मागता येते हे माणसाला सांगावं.

प्रवासात एवढं पाळा:

• पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड जवळ ठेवा. चौकटीतून नेहमीच्या चालीने जा, तिथे रेंगाळू नका, टेकू नका. हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका, असं सांगा.

• इन्सुलिन पंप किंवा साखरेचा सेन्सर असेल तर सोबतची माहितीपुस्तिका आधी वाचा. गरज वाटल्यास हाताने तपासणी मागा.

• थॅलियम स्कॅन किंवा थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलं असेल, तर किरण शोधणारी यंत्रं पुढे बरेच दिवस वाजू शकतात. रुग्णालयाचं पत्र जवळ असू द्या.

• सामानाच्या एक्स-रे यंत्रात पडद्याआड हात घालू नका. मूल पट्ट्यावर चढणार नाही, याकडे लक्ष द्या.

तपासणी चुकवू नका, सुरक्षा सर्वांचीच आहे. पण यंत्र एक्स-रेचं आहे का, हे विचारायला संकोच करू नका. तसं असेल आणि तुम्ही गर्भवती असाल किंवा सोबत मूल असेल, तर दुसऱ्या पद्धतीने तपासणी करा, असं स्पष्ट सांगा.