घटत्या उत्पन्नाची पूर्वतयारी

डिचोली तालुक्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ खनिज लोहाच्या खाणींवर, मालवाहू ट्रकांवर व नदीतील बार्जांवर चालत आला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्यानुसार ८८ खाणपट्ट्यांवरील काम १६ मार्चपासून थांबले. मिळकत थांबली म्हणून ट्रकाच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. पेडण्याच्या किनारपट्टीवरही पर्यटनाचा हंगाम सरला की पावसाळ्यात मिळकत घटते.

म्हणून हंगाम चालू असतानाच हिशेब मांडावा. धान्य, औषधोपचार, शिक्षण, वीज व कर्जाचे हप्ते हा अटळ खर्च प्रथम लिहावा. समारंभ, नवी खरेदी इत्यादी लांबणीवर टाकण्याजोगा खर्च वेगळा काढावा. उदाहरणार्थ, अटळ खर्च दरमहा १५,००० रुपये व मंदीतील हमखास मिळकत ९,००० रुपये असल्यास ६,००० रुपयांची तूट येते. सहा महिने निभावण्यास ३६,००० रुपये शिल्लक हवेत. ही रक्कम बँकेत अथवा डाकघरात स्वतंत्र खात्यावर ठेवावी.

हप्ता थकण्यापूर्वीच बँकेस लेखी कळवून मुदतवाढ मागावी. त्यामुळे दागिने मोडण्याची वा सावकाराचे दार ठोठावण्याची वेळ टळू शकते. हा हिशेब घरातील सर्वांसमक्ष, विशेषतः गृहिणीच्या सल्ल्याने व्हावा. पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करावी लागते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.