नाट्यछटा आणि शाळेचे वर्ष

माध्यमिक शाळेत नाटक म्हटले की स्नेहसंमेलन आठवते. वर्गातली दहा-बारा चुणचुणीत मुले निवडली जातात, महिनाभर तालमी होतात आणि उरलेली चाळीस मुले प्रेक्षकांत बसतात. नाटक हे शिक्षण असेल तर ते या चाळिसांनाही मिळायला हवे. या विचाराने मी गेले वर्षभर स्वारगेट परिसरातील एका शाळेत आठवीच्या वर्गाचा आठवड्याला एक तास घेतला. त्यावरून बनलेले माझे मत असे, की वर्षाचा आरंभ नाटकाने न करता नाट्यछटेने करावा.

नाट्यछटा मराठीत रुजवली ती 'दिवाकर' म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९-१९३१) यांनी. ते स्वतः पुण्यात शिक्षक होते. 'पंत मेले - राव चढले' आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. या प्रकारात एकच पात्र बोलते. समोरचा माणूस दिसत नाही. तो काय म्हणाला ते बोलणाऱ्याच्या उत्तरावरून कळते. पडदा नको, पोशाख नको आणि पन्नास मुलांना पन्नास प्रमुख भूमिका!

जून ते ऑगस्ट आम्ही फक्त ऐकायला शिकलो. आधी दोघांनी संभाषण करायचे. मग एकाने आपली वाक्ये मनात म्हणायची. शेवटी त्याच्या जागी रिकामी खुर्ची. खुर्चीचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबणे मुलांना फार जड जाते. सुरुवातीला प्रत्येक वाक्यामागे "काय म्हणता?" येई, पुढे नुसत्या थांबण्याने आणि नजरेने ते काम होऊ लागले.

सप्टेंबरपासून लेखन. एसटी स्टँडवर दहा मिनिटे उभे राहून माणसे ऐकायची, हा गृहपाठ. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या बापाचा एक मुलगा वर्गात होता. धडा वाचताना तो 'पाणी'चे 'पानी' करी आणि वर्ग हसे. म्हणून तो वाचायलाच उठत नसे. त्याने कंडक्टर लिहिला : "आज्जे, पिशवी आधी वर दे... आगं, ही सांगलीची न्हाई, साताऱ्याची... रडतीस कशापायी? बस खाली." त्या दिवशीही वर्ग हसला, पण हसायच्या जागी हसला आणि शेवटी गप्प झाला. शुद्ध उच्चार शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. हाच मुलगा पुढे बँकेतल्या साहेबाची छटा करताना 'ण' घोटवून घ्यायला आपणहून आला. पात्राला गरज पडली, तेव्हा उच्चार शिकावासा वाटला.

दिवाळीनंतर या छटा एका रखडलेल्या गाडीभोवती गुंफून एकांकिका केली. अदृश्य श्रोत्याला आता देह मिळाला. रिकाम्या खुर्चीचे ऐकण्याची सवय झालेली मुले एकमेकांची वाक्ये तोडत नव्हती. संमेलनात सगळा वर्ग रंगमंचावर होता. जानेवारीनंतर परीक्षांमुळे मराठीच्या तासाची शेवटची पाच मिनिटेच उरली. तेवढ्यात एक छटा होते.

सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत 'लिटल थिएटर'द्वारे 'मधुमंजिरी' रंगवून बालरंगभूमीला वैभव दाखवले. ते मुलांना नाटक दाखवण्याचे कार्य होते. वर्गाचे कार्य वेगळे : प्रत्येक मुलाला एकदा तरी न हसता ऐकून घेणे. आपल्यापैकी जे पुढे शिक्षक होतील, त्यांनी पहिल्या तासाला एक रिकामी खुर्ची तेवढी मांडून पाहावी.