निरोपांची रांग

फोंड्याच्या बाजारातील एखादे दुकान घ्या. २०१६ साली यू.पी.आय. सुरू झाले, आणि पैसे जमा झाल्याचे निरोप एकामागून एक संगणकावर येऊ लागले. एका प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाला थ्रेड म्हणतात. पडदा सांभाळणारा मुख्य थ्रेडच निरोपाची वाट पाहत बसला, तर पडदा गोठतो व गिऱ्हाईक ताटकळते. म्हणून वाट पाहण्याचे काम मागे चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडकडे सोपवावे.

मात्र त्याने पडद्याला हात लावू नये. एका खातेवहीत दोघे एकाच वेळी लिहू लागले की घोटाळा ठरलेलाच! त्याने निरोप फक्त रांगेत ठेवावा. पायथन भाषेत यासाठी 'क्यू' हा तयार विभाग आहे. मुख्य थ्रेडने दर १०० मिलिसेकंदांनी रांगेत डोकवावे, असेल ते दाखवावे, आणि रांग रिकामी असल्यास न थांबता परतावे.

मालसाठ्याच्या मूल्यांकनात आम्ही शिकतो ती 'प्रथम आवक, प्रथम जावक' पद्धत मला इथेही भेटली. फरक एवढाच की ही रांग संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की पुसली जाते. तेव्हा पैशाचा निरोप आधी नोंदवावा, मग दाखवावा.