गिरगाव सोडताना, गिरगाव सोडल्यावर

ठाकूरद्वारपासून चर्नी रोडपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक चाळीत आज एकच विषय आहे. थांबायचं की जायचं? आम्ही गेलो. फणसवाडीच्या अंगाला असलेल्या चाळीतली एक खोली, मोरी आणि सामाईक गॅलरी सोडून डोंबिवली पूर्वेला राहायला आलो. मी लग्न होऊन त्या चाळीत आले होते. सासूबाईंचा तर जन्मच गिरगावातला. आमच्यानंतर चाळीतली आणखी बिऱ्हाडं बदलापूर, विरार, बोरिवलीकडे पांगली. निघण्याआधी बहुतेकींनी मला फोन केला. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

१. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार सगळ्यात आधी करा.

जागा बदलताना आपण मुलांची शाळा बघतो, स्टेशन किती लांब ते बघतो, पाण्याची चौकशी करतो. म्हाताऱ्या माणसाचा दिवस कसा जाणार, हे कुणी विचारत नाही. आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गिरगावातला दिवस त्यांना न कळत भरलेला असायचा. पहाटे नळाला पाणी आलं की जाग. पिंप भरून झालं की कठड्याला टेकून उभं राहायचं. खालून फुलवाला जाई, भाजीवाली हाक मारी, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडून कोथिंबीर वर यायची. दुपारी गॅलरीत तांदूळ निवडत चौघीजणी. संध्याकाळी फडकेवाडीच्या गणपतीला, आणि त्या पाच-सात मिनिटांच्या वाटेत भेटणाऱ्या माणसांमुळे परतायला तासभर.

डोंबिवलीत चौथा मजला मिळाला. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, संडास घरात आहे. बाल्कनीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते. पहिल्या आठवड्यात आईंनी मला विचारलं, "इथे माणसं राहतात ना गं?" नंतर त्यांचं जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नव्हता.

उपयोग कशाचा झाला ते सांगते. दिवसा आम्ही लाकडी दार उघडं आणि जाळीचं दार तेवढं बंद ठेवू लागलो, आणि आईंची खुर्ची दाराशी आणली. लिफ्टपाशी येणारा-जाणारा दिसू लागला. त्यालाही आई दिसू लागल्या. मग "काय आजी, जेवलात का?" सुरू झालं. संध्याकाळी शाळेची बस येते त्या वेळी त्यांना खाली गेटाशी नेऊन बसवायचं, हा नेम केला. चाळीतल्या त्यांच्या मैत्रिणीला रोज चार वाजता फोन लावून द्यायचा, हा दुसरा. वेळ मी ठरवून ठेवली, कारण "आठवण आली की करा" म्हटलं की म्हातारी माणसं संकोचाने करत नाहीत. माझं तर मत आहे की नवी जागा पक्की करण्याआधी त्यांना एकदा तिथे न्यावं आणि दुपारी दोन ते पाच तिथेच बसवावं. त्या तीन तासांत इमारत कशी आहे ते कळतं.

२. चाळ जे आपोआप करायची, ते इथे ठरवून करावं लागतं.

चाळीत किल्ली शेजारी असायची. मुलं शाळेतून आली की ज्या घरी पोह्यांचा वास, तिथे शिरायची. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर चार जण उठून खुर्चीत बसवून त्याला जिन्यावरून खाली आणायचे. बाहेरचे म्हणतात, चाळीतल्या लोकांची मनं मोठी. मला ते पूर्ण पटत नाही. मनं सगळीकडे सारखीच असतात. चाळीची बांधणीच अशी की नळाला, संडासाला, जिन्याला जायचं तर दहा दारांवरून जावंच लागतं. त्यात भाडं इतकं कमी की तीन-तीन पिढ्या तीच माणसं. आज मी तुझं मूल सांभाळलं तर वीस वर्षांनी तू माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढणार, हे दोघींनाही ठाऊक असायचं. फ्लॅटमध्ये ना वाट सामाईक, ना तेवढा काळ. म्हणून तिथलं शेजारपण आपोआप उगवत नाही.

मी एक गोष्ट केली आणि ती सगळ्यांना सांगते. मागायला जा. घरात साखर असली तरी वाटीभर साखर मागा. देणाऱ्यापेक्षा मागणारा लवकर जवळचा होतो, कारण त्याने समोरच्यावर भरवसा दाखवलेला असतो. समोरच्या वहिनींकडे मी आमची किल्ली त्यांनी विचारायच्या आधीच दिली. महिन्याभरात त्यांची किल्ली आमच्या खुंटीला आली. संक्रांतीला मजल्यावरच्याच नव्हे, सगळ्या इमारतीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. निम्म्या आल्या. पुढच्या वर्षी त्याहून जास्त.

३. खोली विकताना आपण हक्क विकत असतो, हे नीट समजून घ्या.

पागडीच्या खोलीत आपण मालक नसतो, भाडेकरू असतो. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली. पागडीच्या देवघेवीला १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना घरमालक आपला वाटा घेतो. साधारण तिसरा हिस्सा हा रिवाज. त्यामुळे दलाल जो आकडा सांगतो, तो आपल्या हाती येत नाही. दुसऱ्या बाजूला, उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला तर निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मिळतं, तेही मालकीचं. आमची खोली त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. म्हणजे थांबण्यालाही किंमत आहे. पण ती मिळेपर्यंत टेकू लावलेल्या इमारतीत राहायचं की संक्रमण शिबिरात, आणि किती वर्षं, हे कुणी लिहून देत नाही.

माझा सल्ला सरळ आहे. घरात जागेपायी मुलाचं लग्न अडलं असेल किंवा जिना चढवत नसेल, तर जा. नसेल तर थांबा. आणि एकदा गेलात की त्या खोलीचा आजचा भाव विचारत बसू नका.

४. माळा आधी रिकामा करा.

तिथेच जुन्या भाडेपावत्या, शाळेचे दाखले आणि सासऱ्यांची सेवापुस्तिका सापडते. एकही कागद टाकू नका. मतदारयादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरायचा असतो, नवं नाव नोंदवायचा नाही. गॅसजोडणी, रेशनकार्ड आणि बँक, निघण्याआधी मार्गी लावा. गिरगावात वीज बेस्टची, डोंबिवलीत महावितरणची; जुनं बिल फेडल्याची शेवटची पावती जपून ठेवा. बाकी सामान देऊन टाका. पाटा-वरवंटा मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिला. त्या अजून वापरतात.

५. आगगाडीचा वेळ घरातल्या सगळ्यांचा जातो.

यांचं ऑफिस फोर्टात. गिरगावातून ते बसने, कधी चालतही जायचे आणि संध्याकाळच्या चहाला घरी असायचे. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. पहिलं वर्ष त्यांचं आणि मुलीचं बोलणं रविवारीच व्हायचं. तेव्हा अंतर मोजताना कोण कुणाला किती वेळ दिसणार, तेही मोजा. डोंबिवलीहून सुटणारी लोकल धरली, तशी गाडीत रोजची माणसं मिळाली. त्यांच्या डब्यात भजन होतं, दसऱ्याला डब्याला तोरण लावून पूजा होते, कुणी चार दिवस दिसला नाही तर फोन जातो. यांना गिरगाव पुन्हा भेटलं ते तिथे.

६. चाळीची खोटी आठवण काढू नका.

हे मला मनापासून सांगायचं आहे. रात्री सामाईक संडासाला जाताना बाईमाणसाला काय वाटतं, ते बाईच जाणते. मी नवी नवरी असताना खोलीत सासू-सासरे, दीर आणि आम्ही. नवरा-बायकोने दोन शब्द बोलायचे तर चौपाटीवर जावं लागे. पाळीच्या दिवसांत मोरीला पडदा लावून काय काय उरकावं लागे! आजारी माणसाला निवांत झोप नाही, अभ्यास करणाऱ्या मुलाला कोपरा नाही. गॅलरीत उभ्या असलेल्या माणसांचं लक्ष आपल्या मुलांवर असायचं, तसंच ते आपल्या मुलीच्या येण्या-जाण्यावरही असायचं. माझी मुलगी नव्या घरात स्वतःचं दार लावून अभ्यास करू शकली आणि तिने शिक्षण पूर्ण केलं, हे मी गिरगावच्या प्रेमापोटी नाकारणार नाही. चाळीवर जीव असलेल्या माणसानेच हे बोललं पाहिजे. नाहीतर मुलांना वाटतं, आई-बाबांनी स्वर्ग सोडला तो आपल्यामुळे.

७. एक सण तिथे, एक सण इथे.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सुरू झाला. ज्या वस्तीत हे झालं तिथल्या माणसाला गणपतीत दुसरीकडे चैन पडणं कठीण. आमच्या चाळीच्या मंडळाची वर्गणी आम्ही बंद केली नाही, आणि निदान एका आरतीला तिथे जातोच. पाडव्याला मात्र आम्ही डोंबिवलीतच असतो. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा इथल्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि तिथून ती गिरगावासकट सगळीकडे गेली. पाडव्याला मुलीला नऊवारी नेसवून त्या यात्रेत नेलं, तेव्हा ती पहिल्यांदा "आपलं डोंबिवली" म्हणाली. दोन्हीकडे पाय ठेवायला वर्ष पुरतं.

८. परत जा, पण जुन्या खुणा शोधायला जाऊ नका.

आईंच्या आठवणीतलं गिरगाव वेगळंच होतं. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट जिथे लागला ते मॅजेस्टिक थिएटर त्यांच्या वडिलांच्या गप्पांत असायचं. ते माझ्या आधीच गेलं होतं. माझं गिरगाव म्हणजे साहित्य संघातली नाटकं आणि खोताच्या वाडीतून जवळची वाट काढणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३चं गिरगाव स्थानक सुरू झालं. आता मी सीएसएमटीला उतरून मेट्रो धरते; काळबादेवी, मग गिरगाव. त्या मेट्रोसाठी ज्या इमारती पाडल्या, त्यांत आमच्या ओळखीची घरं होती. काहींना त्याच भागात घर देण्याचं ठरलं, काही तोवर भाड्याने कुठे कुठे राहिली. त्यामुळे मेट्रोतून वर आले की मी रस्ता बघत नाही. अजून तिथे राहणाऱ्या माणसांच्या घरी जाते, जिना चढते, पाणी पिते, त्यांच्या आईला भेटते. वास्तू बघायला गेलेला माणूस हिरमुसून परत येतो, माणसं भेटायला गेलेला येत नाही.

उपनगरात आधीपासून राहणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या मजल्यावर गिरगाव, लालबाग, परळहून कुणी नवं राहायला आलं तर पहिल्याच आठवड्यात त्यांची बेल वाजवा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच दिवशी वाजवा आणि आत जाऊन बसा.